हाताला येईल एवढंच झाड

सुखदेव रणपिसे यांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालवली. मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून लागले, वरच्या खुर्चीवरून निवृत्त झाले, पण मधल्या काळात त्यांनी पाहिलं ते एकच चित्र: दोन भाऊ, मधे एक बांध, आणि त्या बांधावरून दोघांच्या बायकांनी केलेला एकमेकींच्या माहेरचा उद्धार. साहेब टेप धरून उभे राहत, खुणा रोवत, दोन्ही भावांच्या शिव्या समसमान घेत आणि संध्याकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरत. त्यांच्या स्वतःच्या घराण्यात मोजण्याइतकी जमीन आजवर कुणाच्या वाट्याला आलीच नव्हती. त्यामुळे घरात बाकी सगळी भांडणं झाली, बांधाचं तेवढं कधी झालं नाही. ही गरिबीची एक सोय असते, हे त्यांना मोजणी खात्यात गेल्यावर कळलं.

म्हणून कर्वेनगरला गल्लीच्या टोकाशी चार खोल्यांचं दुमजली घर उभं राहिलं, तेव्हा बुद्धवंदना झाल्यावर जमलेल्या पाहुण्यांपुढे साहेबांनी जाहीर केलं, "या घरात रेघ पडणार नाही. दोन मुलगे, एक छप्पर, एक चूल." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगे तेव्हा शाळेत होते, त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे प्रत्येक वाढदिवसाला, साखरपुड्याला आणि लाइट गेल्यावर सगळे अंधारात बसलेले असताना हे वाक्य पुन्हा म्हटलं गेलं, आणि म्हणता म्हणता ते साहेबांच्या आयुष्याचं काम होऊन बसलं. माणसाला नोकरीत जे जमत नाही ते घरात करून दाखवायची हौस असते.

साहेबांची उंची सहा फूट. ती काही त्यांनी कमावलेली नव्हती, पण वागणं कमावल्यासारखं होतं. घरातली सगळी ठोकाठोक त्यांची. ड्रिल मशीन घेऊन ते रविवारी सकाळी उभे राहिले की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेत. स्वयंपाकघरातल्या फळ्या, डब्यांची मांडणी, कपड्यांची दोरी, किल्ल्यांचा खिळा, हॉलमधली बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, सगळं त्यांनी स्वतः, लेव्हल लावून, अगदी सरळ रेषेत बसवलेलं. एका कामाचं कौतुक करावं तर दुसऱ्याला वाईट वाटावं, इतकं नेटकं. चौदा एप्रिलला तसबिरीला हार घालायचा मान दरवर्षी साहेबांचा. तो मान त्यांना कुणी दिला नव्हता; बाकी कुणाचा हात तिथे पोचत नव्हता, एवढंच.

बाकीच्यांसाठी एक लाकडी स्टूल होतं. राधाबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, लग्न होऊन आल्या तेव्हापासून ते स्टूल घरात होतं आणि भाड्याच्या खोल्या बदलत बदलत कर्वेनगरपर्यंत त्यांच्यासोबत आलं. डाळीचा डबा काढायचा, ओढा स्टूल. कपडे वाळत घालायचे, उचला स्टूल. थोरला धम्मदीप उंचीनं आईवर गेला आणि धाकटा प्रज्ञेश बापावर, त्यामुळे घरातली अर्धी माणसं वस्तू घेत आणि उरलेली अर्धी स्टूल घेत. धम्मदीपची बायको चैताली आली ती राधाबाईंपेक्षाही दोन बोटं बुटकी. स्टुलाचा एक पाय लवकरच डुगडुगायला लागला. साहेबांनी त्याला त्याच दिवशी खिळा मारला. हयगय त्यांच्या स्वभावात नव्हतीच.

तर असे हे साहेब निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात मोबाइलवर त्यांना घन लागवडीचा शोध लागला. कुठलेसे एक गृहस्थ आपल्या परसात एकाच खड्ड्यात चार फळझाडं लावून दाखवत होते. चारी बुंध्यांमधे जेमतेम हातभर अंतर. गृहस्थांचं म्हणणं असं की, झाडं जवळ लावली की कुणी एक माजत नाही, सगळी एकमेकांना आवरून धरतात. आपण फक्त छाटत राहायचं. लहानशा घराला लागतील तेवढी फळं वर्षभर आलटून पालटून मिळतात, सगळी एकदम पिकून वाया जात नाहीत. साहेबांनी तो व्हिडिओ पुनःपुन्हा पाहिला. दर वेळी त्यांना झाडं कमी आणि आपलं घर जास्त दिसत होतं.

मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता, तो हलवून खड्डा काढला. वारज्याच्या एका नर्सरीतून केसर आंबा, पेरू, सीताफळ आणि चिकू अशी चार कलमं आली. शेजारचे रंगराव कुंपणावरून बघत होते. खड्ड्यात चौथं कलम उतरताना त्यांना राहवलं नाही.

"साहेब, झाडं लावताय का पीएमटीची बस भरताय?"

"रंगराव, अंतर ठेवलं की बांध येतो," साहेब म्हणाले. "आयुष्यभर तेच बघितलंय."

"बरोबर आहे. बसायला जागा नसली की भांडायलाही होत नाही," रंगराव म्हणाले आणि चहाला आत गेले.

लागवडीनंतर साहेबांनी घरच्यांना ओळीनं उभं करून दोन नियम सांगितले. पहिला, यातलं कुठलंही झाड कुणा एकाचं नाही, सगळी सगळ्यांची. दुसरा, माणसानं हात वर केला की बोटं लागतील एवढंच झाड. त्याच्या वर एक पान ठेवायचं नाही. आणि त्यांनी हात वर करून दाखवला. साडेसात फुटांवर, घराच्या भिंतीवर, कोळशानं एक रेघ मारली. ज्या घरात रेघ पडणार नव्हती तिथली ही पहिली रेघ, पण ती आडवी असल्यामुळे कुणी धरली नाही.

खरं सांगायचं तर साहेबांनी झाडं फार मायेनं वाढवली. पाचोळा घातला, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, छाटणीच्या जखमांना मोरचूद-चुन्याचा लेप लावला. आंब्यानं पेरूवर झुकायचा प्रयत्न केला की ते कात्री घेऊन त्याला समज देत. चिकू मागे राहिला तर त्याच्या बाजूचं सीताफळ उघडं करत. चारी झाडं खरंच एका उंचीची, एकमेकांत हात घालून उभी राहिली. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मागे नेऊन झाडं दाखवली जात आणि तिथेच ते वाक्य ऐकवलं जात.

तिसऱ्या वर्षी फळं धरली. झाडं इतकी जवळ की ऊन मिळायचं ते शेंड्यालाच, त्यामुळे फळंही यायची ती शेंड्याला, बरोबर कोळशाच्या रेघेच्या आसपास. रविवारी सकाळी साहेब झाडाखाली उभे राहत, हात वर करून पेरू काढत आणि खाली उभ्या असलेल्यांच्या हातात एकेक देत. वाटप काटेकोर. मोठा फोडून लहानात भर घातली जाई. राधाबाई आणि चैताली रांगेत उभ्या राहून आपापला पेरू घेत. हे दृश्य पाहून साहेबांना दर रविवारी भरून येई.

त्या ऑक्टोबरात साहेब नागपूरला दीक्षाभूमीवर गेले आणि तिथून चुलतभावाकडे मुक्काम करून आठवड्यानं परतले. सकाळी दात घासत मागे गेले तर खाली पेरूंचा सडा. अर्धे पोपटांनी फोडलेले, अर्धे वटवाघळांनी. घरात जणू चोरी झाली असावी असा त्यांचा आवाज चढला.

"घरात चार धडधाकट माणसं आणि एकाला पेरू काढता आला नाही?"

"मी कंपनीत होतो बाबा, डबल शिफ्ट," प्रज्ञेश म्हणाला. "नाहीतर मला काय, सहज पोचतं."

चैताली झाडूनं पेरू गोळा करत होती. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती. "बाबा, या मातीत स्टूल उभं राहत नाही. यंदा छाटताना दोन फूट खाली घ्या ना. आईंनाही त्रास होतो."

"त्रास कसला? मी देतोच की काढून."

"तुम्ही घरी असता तेव्हा."

"चैताली, नियम साधा आहे. हात वर केला की बोटं लागतील एवढं झाड. मी मनाचं काही केलेलं नाही, जगात असंच करतात."

"हो, पण कुणाचा हात, बाबा?"

साहेबांना हा प्रश्न उद्धट वाटला. प्रश्न इतका लहान होता की त्याला उत्तर असू शकेल असं त्यांच्या मनात आलंच नाही. मोजणीत मापाचं एकक एकदा धरलं की धरलं. त्यावर शेतकऱ्यानं तक्रार करायची नसते. ते तोंड धुवायला आत गेले. राधाबाई ओट्याशी उभ्या होत्या आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा चैतालीनं येऊन, स्टुलावर चढून काढून द्यायची वाट बघत होत्या. हल्ली त्या वरचं काही स्वतः काढायच्याच नाहीत. सासू झाली की जरा हुकूम सोडावेसे वाटणारच, असं मनाशी म्हणून साहेबांनी कौतुकानं डबा काढून दिला.

पुढच्या पावसाळ्यात चैतालीनं पेरूच्या एका फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ आणि वर प्लास्टिक गुंडाळलं. गुटी बांधणं म्हणतात त्याला. दीड-दोन महिन्यांत तिथे मुळ्या फुटतात आणि फांदीचं स्वतंत्र रोप होतं. साहेब खूश झाले. सून झाडात लक्ष घालायला लागली, म्हणजे घरात रुजली. त्यांनी खड्ड्याच्या कडेला धम्मदीपला जागाही दाखवून ठेवली. "हे पाचवं इथे बसेल. थोडं दाटीवाटीनं, पण बसेल." धम्मदीप जागेकडे बघत राहिला.

दसरा झाल्यावर तो बोलला. वारज्याला त्यांनी फ्लॅट घेतला होता, दोन महिन्यांनी ताबा. साहेब जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि आतून जुना मोजणीचा टेप घेऊन आले. राधाबाईंनी कपाळाला हात लावला, खरं तर तो कपाळापर्यंत जेमतेम पोचला.

"कुठला भाग हवाय? वरचा मजला तुझ्या नावावर करतो. आत्ता मोजू."

"मला हिस्सा नकोय बाबा."

"मग अंगण?"

"काहीच नकोय."

"प्रज्ञेशशी काही झालंय?"

"नाही. कुणाशीच भांडण नाही. वारजं काय लांब आहे? चालत आलो तरी चहा गरम राहील."

साहेब टेप हातात धरून उभे राहिले. सगळ्या नोकरीत त्यांनी भावाचं डोकं फोडणारी, बांध कोरणारी, खुणेचे दगड रात्रीतून सरकवणारी माणसं पाहिली होती. हिस्सा न मागता निघून जाणारा माणूस त्यांना भेटलाच नव्हता. अशा केसमधे काय करायचं याचं कलम नव्हतं. भांडण असतं तर त्यांनी मिटवलं असतं. मग ते रागावले, आणि मग आठवडाभर रोज सकाळी मागे जाऊन चार झाडांना नको तेवढं पाणी घालत राहिले. मनातल्या मनात ते एकच विचारत होते, की एवढं जवळ लावलेलं कुठे सुटलं? वाईट फार वाटलं त्यांना. रात्री उशी उलटी करून झोपत होते.

टेम्पो आला त्या दिवशी ते व्हरांड्यात पेपर धरून बसले. पेपर कालचा होता. चैतालीनं सामान फारसं नेलं नाही. कपडे, पुस्तकं आणि कुंडीत लावलेलं ते गुटीचं पेरू. साहेबांना सुनेला रिकाम्या हातानं पाठवणं बरं वाटेना. ते उठून आत गेले आणि स्टूल घेऊन आले.

"हे घेऊन जा. नव्या घरात लागेल."

चैतालीनं स्टुलाकडे बघितलं. "राहू द्या बाबा इथेच. तिकडे नाही लागणार." मग वाकून त्यांच्या पाया पडली. साहेबांना वाटलं, पोरगी मोठ्या मनाची आहे, आईसाठी ठेवून गेली.

वारज्याला जायचं नाही, असं साहेबांनी ठरवलं नव्हतं. त्यांना फक्त वेळ मिळत नव्हता. निवृत्त माणसाला किती कामं असतात हे लोकांना माहीत नसतं. राधाबाई मात्र दर आठवड्याला बसनं जायच्या आणि येताना इतक्या हलक्या येत की साहेबांना संशय यायचा. पाऊस सरत आला तेव्हा धम्मदीप स्वतः स्कूटर घेऊन आला, आईला रिक्षात बसवलं आणि बापाला मागच्या सीटवर. साहेब वाटभर फक्त सिग्नलला "डावीकडून घे" एवढंच म्हणाले, तेही चुकीचं होतं.

फ्लॅट लहान होता पण उजेड होता. साहेब पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले आणि कपाळावर ठण्णकन काहीतरी बसलं. भांड्यांची फळी.

"अहो, वाका जरा," राधाबाई आतून म्हणाल्या.

कपाळ चोळत ते गॅलरीकडे वळले, तर कपड्यांची दोरी गळ्याशी आली. वाकून पलीकडे गेले. तिथे कुंडीत पेरूचं झाड होतं. त्यांच्याच झाडाची फांदी, तीच पानं, पण छाटून छाटून गोल केलेलं, सगळ्या बाजूंनी ऊन लागलेलं, आणि उंची साहेबांच्या कमरेच्या जरा वर. तीन पेरू लागले होते. एकेक चांगला मुठीएवढा. साहेबांचा पहिला विचार जाणकाराचा होता: फारच खाली छाटलंय, झाड बुटकं राहील.

तेवढ्यात राधाबाई गॅलरीत आल्या. चैतालीशी शेजारणीच्या मुलीच्या लग्नाबद्दल काहीतरी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी एक पेरू दाबून बघितला, सोडला, दुसरा दाबून बघितला, तो पिळून तोडला, पदराला पुसला आणि खाल्ला. बोलणं मधे थांबलंसुद्धा नाही. कुणाला हाक नाही, स्टूल नाही, रांग नाही.

साहेबांनी राधाबाईंना झाडावरून फळ तोडताना आजवर पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही. ते आठवायला लागले आणि त्यांना आठवलं की राधाबाईंनी किल्ली स्वतः खिळ्यावर टांगलेलीही त्यांना आठवत नाही; ती कायम टेबलावर पडलेली असे आणि ते त्यावरून बोलत असत, "खिळा कशाला ठोकलाय मग?"

"बाबा, तिखट-मीठ लावून देऊ का?" चैतालीनं तिसरा पेरू कापून पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. असतं तर साहेबांना सोपं गेलं असतं. पेरू गोड होता. त्यांच्या घरच्यापेक्षा गोड होता, आणि ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी परतल्यावर साहेबांनी चहा घेतला नाही. छाटणीची कात्री आणि करवत घेऊन सरळ मागे गेले. झाडं नव्या पालवीवर होती, ही काही छाटायची वेळ नव्हती. या वर्षीची फळं जाणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी राधाबाईंना हाक मारली.

"राधा, इकडे ये. इथे उभी राहा. हात वर कर."

"कशाला?"

"माप घ्यायचंय. तुझा हात जाईल तिथे छाटतो."

राधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखा, उजवा हात वर केला. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"अगं, पूर्ण वर कर. बोटं ताठ."

"एवढाच जातो."

"म्हणजे?"

"खांदा धरलाय. डावा त्याहून कमी जातो."

"कधीपासून?"

"झाली की तीन-चार वर्षं. चैताली न्यायची शेकायला. डॉक्टर म्हणाले, वर ताणून काढायची कामं बंद करा." त्या जरा थांबल्या. "मी म्हटलं त्यांना, आमच्याकडे सगळं वरच असतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"अहो, तुम्ही काढून देत होतात ना सगळं," राधाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही ते साहेबांना कळलं नाही, आणि तेच त्यांना फार लागलं.

कुंपणापलीकडे रंगराव येऊन उभे राहिले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि, पुण्यात क्वचितच घडतं तसं, न बोलता मिटलं.

साहेबांनी खिशातून कोळसा काढला. राधाबाईंचा हात जिथे थांबला होता तिथून भिंतीपर्यंत नजरेनं सरळ रेषा धरली आणि खूण केली. जुन्या रेघेपासून ती इतकी खाली होती की मधे एक माणूस आडवा मावला असता. मग त्यांनी करवत आंब्याला लावली. पहिली फांदी खाली पडली तेव्हा राधाबाईंचा हात अजून वरच होता.

"अगं, घे आता खाली," साहेब म्हणाले. "दुखत असेल."